हवेबाहेरचं चित्र

जुलै १९७६ मध्ये वॉशिंग्टनचं नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियम लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्याच्या एका प्रवेशदालनात दोन अवाढव्य भित्तिचित्रं समोरासमोर होती. एका भिंतीवर एरिक स्लोनचं आकाश. ढग आणि हवामान रंगवण्यात हयात घालवलेल्या या माणसानं अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उघड्या मुलखावर हवा काय काय रूपं घेते ते तिथं मांडलं होतं. समोरच्या भिंतीवर रॉबर्ट मॅककॉलचं विश्व होतं, झळाळता प्रकाश, तारे आणि चंद्रावर उभा असलेला माणूस. त्याच इमारतीत दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात कीथ फेरिसचं तिसरं चित्र होतं, २५ फूट उंच आणि ७५ फूट रुंद. १५ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मनीतल्या वीसबाडेनवर गेलेलं ‘थंडरबर्ड’ हे बी-१७ बॉम्बर विमान त्यात आहे.

स्लोन आणि फेरिस यांना जे येत होतं त्यातलं मॅककॉलच्या भिंतीवर किती उपयोगी पडतं? विमानं रंगवणाऱ्यांनी जवळजवळ शंभर वर्षांत कमावलेली हातोटी अवकाशयानाच्या चित्राला कुठवर साथ देते आणि कुठे दगा देते? हा प्रश्न वाटतो तितका हौशी नाही. ही दोन्ही घराणी सुरुवातीपासून एकमेकांत मिसळलेली आहेत. मॅककॉल महायुद्धकाळात अमेरिकी सैन्याच्या हवाई दलात होता. १९८६ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ एव्हिएशन आर्टिस्ट्स ही संस्था निघाली तेव्हा तिच्या संस्थापकांत फेरिसबरोबर मॅककॉलही होता. जपानमध्ये शिगेरू कोमात्सुझाकी हा एकच चित्रकार युद्धनौका आणि लढाऊ विमानांच्या मॉडेल-किटची खोकी रंगवायचा आणि ‘थंडरबर्ड्स’ मालिकेतल्या यानांचीही. ‘स्टार वॉर्स’ची दृश्यं प्रथम कागदावर आणणारा राल्फ मॅक्वारी आधी बोईंग कंपनीत तांत्रिक चित्रं काढत होता.

माझं मत आधीच सांगतो. विमानचित्रकारांकडून बहुतेकांनी उचलली ती हवा, म्हणजे ढग, धूसरपणा, वळताना कललेलं यान, मागे सोडलेली रेघ. खरं तर उचलायला हवी होती ती त्यांची मोजपट्टी.

फेरिसचं नाव या व्यवसायात आदरानं घेतलं जातं ते याच मोजपट्टीसाठी. घर किंवा रेल्वेचा डबा काढताना कडा लांबवल्या की त्या क्षितिजावरच्या बिंदूत मिळतात आणि पर्स्पेक्टिव्ह जमून जातं. विमानात सरळ कड शोधूनही सापडत नाही. धड निमुळतं, पंख टोकाकडे वर उचललेले, शेपूट वेगळ्याच कोनात. फेरिस विमानाची समोरून, बाजूनं आणि वरून काढलेली मापाबरहुकूम रेखाचित्रं घ्यायचा. पाहणाऱ्याचा डोळा विमानापासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात आहे ते ठरवायचा आणि वर्णनात्मक भूमितीनं एकेक बिंदू चित्राच्या प्रतलावर आणायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यातून एक गोष्ट आपोआप ठरते, ती म्हणजे पाहणारा नेमका कुठे उभा आहे. शेजारच्या विमानातल्या तोफचीला दिसणारं बी-१७ आणि दोन हात अंतरावरून दिसणारं त्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल यांत फरक असतो तो या अंतराचा. अंतर चुकलं की ३० मीटर पंखविस्ताराचं विमान खेळणं दिसू लागतं, मग रिव्हेट कितीही बारकाईनं रंगवलेले असोत.

कल्पनेतल्या यानाची अडचण अशी की त्याची तीन बाजूंची रेखाचित्रं कुणी छापलेली नसतात. चित्रकाराला आधी अभियंता व्हावं लागतं. ‘स्टार ट्रेक’च्या एंटरप्राइझचा आराखडा करणारा मॅट जेफरीज इथे आदर्श म्हणावा असा. तो युद्धात बी-१७ वर होता, स्वतः वैमानिक होता आणि विमानांची चित्रंही काढायचा. यानाच्या बाहेर जाऊन दुरुस्ती करणं धोक्याचं, म्हणून सगळी यंत्रं आत आणि बाहेरचं कवच गुळगुळीत, असा त्याचा हिशेब होता. यानावरच्या क्रमांकातलं ‘एनसी’ हे अमेरिकेच्या नागरी विमानांवरच्या नोंदणी-अक्षरांतून आलं. पुढचे १७०१ हे आकडे दुरूनही घोटाळा न होता वाचता यावेत म्हणून निवडलेले होते. धावपट्टीवर उभं राहून विमानं ओळखलेल्या माणसालाच हे सुचतं. १९६६ पासून आजवर ते यान खोटं वाटलेलं नाही याचं कारण मला या हिशेबात दिसतं.

मोजपट्टीनंतर क्षितिजाचा मुद्दा येतो, आणि हे प्रकरण जरा गंमतीचं आहे. चित्रकलेच्या पहिल्या वर्षात शिकवतात की क्षितिज म्हणजे डोळ्याची पातळी. विमानाच्या चित्रात हा नियम चालून जातो. १० किलोमीटर उंचीवरून खरं क्षितिज डोळ्याच्या पातळीपेक्षा जेमतेम तीन अंश खाली असतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटरवरून फिरतं. तिथून पृथ्वीची कड डोळ्याच्या पातळीखाली सुमारे २० अंशांवर जाते. म्हणजे यानाच्या रेषा ज्या पातळीवर मिळतात ती पातळी आणि चित्रातली पृथ्वीची कड यांचा संबंध तुटतो. कक्षेतल्या यानांची ढीगभर चित्रं या एका ठिकाणी फसतात. यान एका नियमानं बसवलेलं असतं, पृथ्वी दुसऱ्या. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण यान चिकटवल्यासारखं वाटतं. दुसरी नेहमीची चूक वातावरणाच्या निळ्या पट्टीची. त्या उंचीवरून कड जवळजवळ २,३०० किलोमीटर दूर असते आणि ठळक निळा थर एक-सव्वा अंशाहून जाड दिसत नाही. हौशी चित्रांत तो हातभर जाड असतो, कारण रंगवायला तो छान लागतो.

आता प्रकाश. इथे विमानचित्रकाराचा अनुभव सर्वांत जास्त कामाला येतो, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

अवकाशात हवा नाही, म्हणून प्रकाश कडक आणि सावल्या ठार काळ्या, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. विमान रंगवणाऱ्याचं निम्मं लक्ष विमानाच्या पोटाकडे असतं. वरून ऊन पडतं, ते कुणालाही दिसतं, पण पोटावरचा रंग खालच्या मुलखानं दिलेला असतो. समुद्रावर तो हिरवट-निळा, वाळवंटावर पिवळसर, ढगांच्या थरावर जवळजवळ पांढरा. पृथ्वीच्या कक्षेतल्या यानाला हाच नियम लागू पडतो, उलट अधिक जोरात. पृथ्वी आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातला सुमारे ३० टक्के परत फेकते आणि त्या उंचीवर ती भोवतालच्या आकाशाचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापून असते. त्यामुळे दिवसाच्या बाजूला स्थानकाचं पोट काळं कधीच नसतं, ते निळसर-पांढऱ्या उजेडात न्हालेलं असतं. खाली सहारा आला तर त्यात उबदार झाक येते. स्थानक दीडेक तासात एक फेरी मारतं. सूर्य कडेआड जाताना काही क्षण त्याचा उजेड वातावरणातून गाळून येतो आणि सगळं यान नारिंगी होतं. ज्यानं संध्याकाळच्या उन्हातली विमानं रंगवली आहेत त्याला हे नव्यानं शिकावं लागत नाही.

पृथ्वीपासून दूर गेलं की हा आधार सुटतो. तिथे सावलीत उजेड येईल तो यानाच्याच दुसऱ्या भागावरून उसळून. पंखासारख्या पॅनलवरून धडावर, धडावरून अँटेनाच्या पाठीवर. तो थोडा असतो, पण तेवढ्यावर आकार उभा राहतो. आणि सावलीची कड? सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणून सावली देणारी वस्तू १०० मीटर दूर असली तर तिच्या सावलीची कड सुमारे ९० सेंटिमीटर पसरट होते. जवळच्या बोल्टची सावली सुरीसारखी आणि दूरच्या मनोऱ्याची विरघळलेली, हा फरक चित्रात आला की यानाचं खरं माप न सांगता कळतं. तारे मात्र उन्हातल्या यानामागे रंगवू नयेत असं मी म्हणेन. चंद्रावरच्या छायाचित्रांत तारे नाहीत, कारण उन्हातल्या जमिनीसाठी कॅमेरा लावला की तारे टिपले जात नाहीत. पण या बाबतीत चित्रकार माझं ऐकणार नाहीत, आणि मॅककॉलनं तर मुळीच ऐकलं नसतं.

हवेच्या सवयीनं मोठमोठ्यांना कसं फसवलं ते चेस्ली बोनस्टेलमध्ये दिसतं. वास्तुकार कंपन्यांत काम केलेला, हॉलिवूडमध्ये चित्रपटांच्या पार्श्वभूमी रंगवलेला हा माणूस कोनांचा हिशेब चोख ठेवायचा. १९४४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचं टायटन या उपग्रहावरून दिसणारा शनी हे चित्र आलं आणि अवकाशचित्रांचं नवं पर्व सुरू झालं. शनीचा आकार त्यानं गणितानं काढला होता. टायटनला वातावरण असल्याचं त्याच सुमारास कळलं होतं, आणि त्यानं आकाश निळं केलं. आपल्याकडचं. जानेवारी २००५ मध्ये ह्युजेन्स यान तिथे उतरलं तेव्हा दिसलं ते नारिंगी धुकट. त्याच्या चंद्रावरचे सुळकेही असेच, आल्प्सची आठवण देणारे. त्याच्याही आधी फ्रान्सच्या ल्युसियन रुदोनं दुर्बिणीतून चंद्राची कड नीट पाहून गोलसर, झिजलेले डोंगर काढले होते. अपोलोनं रुदोला बरोबर ठरवलं. बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयासाठी बोनस्टेलनं १९५७ मध्ये रंगवलेलं चंद्राचं भित्तिचित्र १९७० मध्ये उतरवण्यात आलं. चित्र म्हणून मला आजही बोनस्टेलच आवडतो. पण रुदोची सवय अधिक विमानचित्रकाराची होती, आधी पाहायचं आणि मग रंगवायचं.

हवा नसण्याचा सगळ्यात मोठा फटका अंतराला बसतो. पृथ्वीवर लांबचा डोंगर निळसर होतो आणि फिका पडतो. विमानाच्या चित्रात पाठीमागची तुकडी थोडी राखाडी केली की ती मैलभर मागे जाते. अवकाशात हे साधन नाही. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ च्या शेपर्ड आणि मिचेल यांना चंद्रावरच्या ‘कोन’ नावाच्या विवराची कड शोधायची होती. हवा नाही, झाड नाही, खांब नाही, त्यामुळे काय जवळ आणि काय दूर ते दोघांना उमगेना. ते दमले आणि परतले. नंतरच्या मोजणीत निघालं की कड त्यांच्यापासून सुमारे ३० मीटरवर होती. चंद्रावर उभ्या असलेल्या प्रशिक्षित वैमानिकांना जिथे अंतर कळलं नाही तिथे चित्र पाहणाऱ्याला ते कसं कळणार?

यावर चित्रकारांनी काढलेल्या उत्तरांत दोन टोकं आहेत. ख्रिस फॉस हा इंग्रज चित्रकार सत्तरच्या दशकात पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर एअरब्रशनं प्रचंड यानं काढत होता, पिवळे-काळे पट्टे आणि चौकटी असलेली. हे पट्टे शोभेचे नाहीत. गोलाईवरून वळताना ते आक्रसतात आणि यानाचं घनरूप एका नजरेत कळतं. विमानांच्या चित्रांत शेपटावरचे पट्टेही तेच काम करतात. पण आकारमान दाखवायला फॉस बऱ्याचदा यानाभोवती धूर आणि धुकं सोडतो, म्हणजे जिथे हवा नाही तिथे ती आणतो. परिणाम जबरदस्त, तरी मला ती पळवाट वाटते. दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा जॉन बर्की. मिनेसोटातल्या एका कॅलेंडर कंपनीत घडलेला हा हात इतका मोकळा होता की जवळून पाहिलं तर यानावर नुसते रंगाचे फटकारे दिसतात. चार पावलं मागे गेलं की त्यांच्या खिडक्या होतात, शेकडो खिडक्या. बर्कीला कळलं होतं की एवढं मोठं यान एवढ्या दुरून पाहणाऱ्या डोळ्याला तपशील दिसणार नाही, तपशिलाची चाहूल दिसेल. उलट पृष्ठभाग कडेपासून कडेपर्यंत सारख्याच बारीक रेषांनी भरला की यान लहान होतं. आजच्या संगणकी चित्रांतला हा सर्रास आढळणारा रोग आहे.

वेगाबद्दल थोडक्यात. विमानाच्या चित्रात पंख्याची धूसर तबकडी असते, पंखांच्या टोकांवरून निघालेली वाफ असते, मागे पळणारे ढग असतात. ‘स्टार वॉर्स’साठी जॉर्ज लुकासनं जुन्या युद्धपटांतल्या हवाई चकमकी जोडून नमुन्याची फिल्म बनवली होती. म्हणून त्या चित्रपटातली यानं वळताना विमानासारखी कलतात, जिथे कलायला हवाच नाही. पडद्यावर ते खपतं. स्थिर चित्रात मात्र गमतीदार उलटापालट होते. विमानचित्रकार विमान कलतं दाखवतो याचं एक कारण असं की त्याशिवाय पंखांचा पूर्ण आकार दिसत नाही. अवकाशयानाला असं निमित्त लागत नाही, ते जाईल एकीकडे आणि तोंड करील दुसरीकडे. ही मोकळीक फार थोडे वापरतात. ज्वाळेचंही तसंच. निर्वातात इंजिनाचा झोत शेपटीसारखा न राहता चहूकडे पसरतो आणि विरतो. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ चं यान चंद्रावरून उठलं ते चंद्रावरच ठेवलेल्या कॅमेऱ्यानं दाखवलं. ज्वाळा दिसलीच नाही, दिसल्या उडालेल्या चिंध्या आणि ठिणग्या. तरी ते उड्डाण किती जोराचं वाटतं! ज्याला वेग रंगवायचा आहे त्यानं त्या चिंध्या पाहाव्यात.

राहिला मळ. विमानाचा मळ हा त्याचा दप्तरी पुरावाच असतो. इंजिनाच्या नळीमागे काजळी, पंखाच्या मुळाशी मेकॅनिकच्या बुटांनी उडालेला रंग, पोटावर मागे ओघळलेलं तेल. अवकाशयानांच्या चित्रात हे ओघळ जसेच्या तसे उतरवले जातात आणि प्रश्न पडतो की ते ओघळले कोणत्या दिशेनं. पाऊस नाही, वारा नाही, खाली अशी दिशा नाही. खरा मळ पाहायचा तर एप्रिल २०१२ मधली वॉशिंग्टनजवळच्या उडवार-हेझी केंद्रातली छायाचित्रं शोधावीत, तिथे डिस्कव्हरी आणि एंटरप्राइझ ही दोन शटलं नाकाला नाक लावून उभी होती. एंटरप्राइझ अवकाशात कधी गेलंच नाही, म्हणून ते कोरं. डिस्कव्हरी ३९ वेळा जाऊन आलेलं, टाइल्सवर जळल्याचे फराटे, पांढऱ्या कापडी आवरणाला पिवळट राखाडी छटा. हे फराटे वातावरणात परत येताना पडलेले आहेत आणि त्यांची दिशा सांगते की नाक किती वर होतं. मळाला कारण हवं, बस्स.

शेवटची गोष्ट तंत्राच्या पलीकडची आहे. चांगल्या विमानचित्रात ‘एक स्पिटफायर’ कधी नसतं. अमुक तारखेचं, अमुक वैमानिकाचं, अमुक क्रमांकाचं स्पिटफायर असतं. अवकाशचित्रात हा नेमकेपणा आला तो चित्रकार प्रत्यक्ष तिथे गेले म्हणून. नासानं १९६२ मध्ये चित्रकारांना बोलावण्याचा उपक्रम सुरू केला आणि पुढच्या वर्षी अंतराळवीर गॉर्डन कूपरच्या उड्डाणाला ते हजर होते. १९६९ मध्ये अपोलो-११ च्या सकाळी पॉल काल हा चित्रकार आर्मस्ट्राँग आणि त्याच्या साथीदारांची पोशाख चढवतानाची रेखाटनं करत होता. मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव यानाबाहेर तरंगून आत आला आणि कक्षेतला सूर्योदय त्यानं रंगीत पेन्सिलींनी काढला. अपोलो-१२ चा अ‍ॅलन बीन १९८१ मध्ये नोकरी सोडून चित्रकार झाला. चित्राच्या पृष्ठभागावर तो चंद्रावर वापरलेल्या हातोडीच्या आणि बुटाच्या तळव्याच्या खुणा उमटवायचा. बीनचा चंद्र प्रत्यक्षापेक्षा रंगीत आहे. मला त्याचं काही वाटत नाही, तो जाऊन आला होता.

आज ब्लेंडरसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर फेरिसची भूमिती काही मिनिटांत करून देतं, आणि बरेच जण त्यावर यान उभं करून मग वरून रंगवतात. यात कमीपणा काही नाही. अडचण एवढीच की सॉफ्टवेअर डोळा कुठेही ठेवू देतं आणि ठेवणाऱ्यानं विचार केलेला नसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेनं काढलेल्या यानांच्या तर डाव्या-उजव्या बाजूही अनेकदा जुळत नाहीत.

दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांना चित्रं काढणाऱ्या आपल्याकडच्या तरुण मंडळींना म्हणूनच एक विनंती. पुढचं यान कल्पनेतून काढण्याआधी एक खरं काढा. इस्रोचं एलव्हीएम-३ घ्या. ते साडेत्रेचाळीस मीटर उंच आहे आणि त्याची मापं व छायाचित्रं सहज मिळतात. आधी तीन बाजूंची रेखाटनं करा, मग डोळा कुठे ठेवायचा ते ठरवा, रंग त्यानंतर. आणि जमलं तर एकदा श्रीहरिकोटाला जा. २०१९ पासून तिथे सर्वसामान्यांसाठी प्रेक्षक-गॅलरी आहे, आधी नाव नोंदवावं लागतं. जाताना कॅमेऱ्याबरोबर स्केचबुकही घ्या.